अर्धा त

कायतानच्या बारवरच्या सगळ्या पाट्या माझ्याच हातच्या.
'उधारी बंद' तीनदा लिहिली, दर शिगम्याला ती पुसट होते.
'मोठ्याने गाऊ नये.'
'मासळी संपली', ही दुपारी दोननंतर सुलटी करायची.
होंड्याहून वाळपईला जाताना डाव्या हाताला, निळं दार.

परवा म्हणाला, उल्हास, आणखी एक पाटी कर.
हळू म्हणाला. कायतान हळू बोलत नाही.

शनिवारी घाटावरची गाडी आली होती,
डोंगर बघायला, विकत घ्यायच्या नजरेने.
त्याने हुर्राकच्या ग्लासासाठी हात लांब केला
आणि सदरा वर सरकला, चार बोटं.
कॅरमवरच्या पोरांनी पाहिलं.
राणी भोकाच्या तोंडाशी होती, तिथेच राहिली.
फिलोमेनाचा बांगडा एका बाजूने करपला.
कुणी काही बोललं नाही.
त्याने बिल दिलं, वर पन्नास ठेवले,
बशीतली बडीशेप खाल्ली, गेला.

कायतान ठाण्यावर विचारून आला:
दारूच्या जागी असलं आणतात का?
हवालदार म्हणाला, परवाना असेल तर बघावं लागेल,
नसेल तर बघावंच लागेल,
साहेब येईपर्यंत तू पाटी लाव.

फिलोमेना म्हणाली, चित्र काढ, वर तांबडी फुली.
काढलं. पिस्तूल इस्त्रीसारखं झालं.
पोरं हसली, शनिवारनंतर पहिल्यांदा:
कपडे घरूनच कडक करून यायचे काय?
मग अक्षरं. कोकणीत लिहावं तर घाटावरच्याला सबब मिळेल.
देवळाच्या जत्रेच्या फलकावर लिहितो तसल्या मराठीत लिहिलं,
पिवळ्यावर काळं, सुकायला दोन तास.

पाटी वाचून पहिला थांबला तो विश्राम गावस.
खांद्यावर बापाची ठासणीची बंदूक,
काजूत शिरणाऱ्या डुकरांसाठी, अख्ख्या गावाला ठाऊक.
वीस वर्षं ती त्याच्या शेजारच्या खुर्चीला टेकून असायची,
तिच्या नळीवर तो टोपी ठेवायचा.
त्याने ती दाराबाहेर, छत्र्यांच्या रिकाम्या डब्यात उभी केली.
मागून भिको आला, कमरेचा कोयता काढून विचारू लागला,
हा पण का?
कायतानला उत्तर येईना.
भिकोने ठेवला.

बुधवारी तो परत आला.
आज सदरा बाहेर सोडलेला, सैल.
पाटीखाली उभा राहून वाचली, सावकाश,
शाळातपासनीस वाचतो तशी.
कुणी लिहिलं हे?
मी हात वर केला. का केला कोण जाणे, पन्नाशीचा माणूस मी.
म्हणाला, शस्त्र असं नसतं लिहीत. त कुठाय?

खरं होतं. मी लिहिलं होतं
'शस्र घेऊन आत येऊ नये'.
बोलताना तो त ऐकू येत नाही.
अर्धा असतो, स आणि र यांच्या मध्ये दाबलेला,
आहे हे ज्याचं त्यालाच ठाऊक.
आणि आम्ही म्हणे त वरून ताकभात ओळखणारी माणसं.

स्टूल आणलं. चढलो.
तो खाली उभा, मान वर करून,
दोन्ही हात पाठीमागे बांधलेले की सदऱ्याखाली,
मी वळून पाहिलं नाही.
एवढ्याशा जागेत त बसवायचा म्हणजे
ब्रशचे तीन केसच लागतात,
आणि मनगट स्थिर.
दोनदा पुसावं लागलं.
आता बरोबर, तो म्हणाला,
आणि आत जाऊन त्याच खुर्चीवर बसला, भिंतीला पाठ लावून.
कायतानने ग्लास पुसला. पुसत राहिला.

मी ब्रश धुवायला बाहेर आलो.
डब्यात विश्रामची बंदूक कोयत्याला टेकून उभी,
नळीवर टोपी.
ब्रश तिथेच ठेवला, तिच्याशेजारी.
आत शिरताना लक्षात आलं,
मी हात पुढे धरलेत, उघडे,
सगळ्यांना दिसतील असे.